बोकडाची ग्रंथी आणि हबीबभाईचे हात

माझी सगळी नोकरी बोकडाच्या किडनीवरच्या टोपीत गेली. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते, "तुमी काय करत होत्या?" तेव्हा मी हेच उत्तर देते आणि वाढपी येईपर्यंत शांतपणे जेवते. बहुतेक बायका पुढे काही विचारत नाहीत. ज्या विचारतात त्यांना वाटतं मी हॉर्मोनची डॉक्टर आहे. मग पोरीच्या थायरॉइडपासून नवऱ्याच्या रागापर्यंत सगळं माझ्या पानात येऊन पडतं. आता नवऱ्याच्या रागावर माझ्याकडे औषध असतं, तर मी ते आधी घरी वापरलं नसतं का?

मी डॉक्टर नाही. अमरावतीच्या एका महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवलं आणि जमेल तसं संशोधन केलं. "जमेल तसं" हा शब्द मी विचार करून वापरते आहे. उन्हाळ्यात लाइट गेली की आमच्या इनक्युबेटरमधल्या पेशी आणि आमची डोकी एकाच वेळी तापायची. पण पेशी माझ्यापेक्षा लवकर मरायच्या.

किडनीच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी बसलेली असते. पाठ्यपुस्तकात तिला अधिवृक्क म्हणतात. माझ्या हयातीत एकाही विद्यार्थ्याने हा शब्द एका दमात उच्चारला नाही, म्हणून आपण अॅड्रिनलच म्हणू. तिच्या पोटात एका खास जातीच्या पेशी असतात. कुत्रं अंगावर आलं की आपली छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, ते या पेशींनी रक्तात सोडलेल्या अॅड्रिनॅलिनमुळे. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण अॅड्रिनॅलिन ज्या बारीक पुड्यांत असतं, त्याच पुड्यांत या पेशी आणखी काही बांधून ठेवतात. ते म्हणजे पेप्टाइड, अमिनो आम्लांच्या इवल्या माळा. त्यातली एक एन्केफालिन. ती अफूच्या कामाची, पण आपल्या शरीराची घरची. ऐन पळापळीत पायात काटा मोडला तरी कळत नाही, त्यात असल्या माळांचा हात असतो. मज्जातंतूने हाक मारली की पेशीत कॅल्शियम शिरतं, पुड्या फुटतात आणि माल रक्तात जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं.

मजा पुढे आहे. माल गेला, आता गल्ला भरायचा कसा? अॅड्रिनॅलिन पेशी जागच्या जागी पटकन तयार करून घेते. पेप्टाइडचं तसं नाही. त्याची कृती केंद्रकातल्या जीनमध्ये लिहिलेली असते. आधी ती जीन चालू व्हावी लागते, मग तिच्या नकला निघतात, त्या नकलांवरून लांब माळ बनते, ती कापून तुकडे होतात, आणि मग पुड्या. याला तास लागतात, कधी दिवस.

अमरावतीच्या पोरांना मी हे गिल्या वड्यावरून, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्यावरून, शिकवायची. गिऱ्हाईक आलं की बशी लगेच पुढ्यात येते. पण डाळ आदल्या दिवशी भिजत घातलेली असते. काल दुकानात गर्दी उसळली, तर मालक रात्री जास्त डाळ भिजवतो. म्हणजे सकाळी पातेल्यात डाळ जास्त दिसली, तर काल गिऱ्हाइकी जोरात झाली म्हणायचं. आत्ता दारातून आत आलेल्या माणसाचा त्या डाळीशी काही संबंध नाही. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं उठून थेट गिला वडा खायला जायची, पण परीक्षेत उत्तर बरोबर लिहायची.

आमचं काम सांगायला सोपं होतं. बोकडाची ताजी ग्रंथी आणायची, पेशी मोकळ्या करून बश्यांत वाढवायच्या, त्यांना निकोटीन द्यायचं. होय, तंबाखूतलंच. या पेशींना निकोटीनने फार लवकर जाग येते. आमच्या विदर्भात खर्रा घोटणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. निकोटीन दिल्यावर बशीतल्या पाण्यात किती पेप्टाइड आलं ते मोजायचं, आणि दुसऱ्या दिवशी जीनच्या नकला किती निघाल्या ते पाहायचं. माल सोडण्याचा हुकूम आणि माल बनवण्याचा हुकूम एकच असतो की वेगवेगळा, हा आमचा प्रश्न. अर्धं जग यावर डोकं खाजवत होतं. आम्ही अमरावतीत बसून खाजवत होतो, एवढंच.

नकला मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते अकोल्याच्या एका संस्थेत होतं. म्हणून ग्रंथीचे तुकडे आणि बशीतल्या पेशी द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवून एसटीने न्यावे लागत. आमच्या भागात तो कॅन फक्त एकच माणूस घेऊन फिरतो. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणारा. त्यामुळे बडनेरा गेलं, की मूर्तिजापूरच्या आधी कुणीतरी हमखास सरकून जवळ यायचं.

"मॅडम, मुऱ्हा हाय का जर्सी?"

"बोकडाची ग्रंथी आहे भाऊ."

"आमच्या म्हशीले चालन का?"

एकदा एक आजोबा तर फार चिडले. "सरकारी डॉक्टरीनबाई असून द्याले नाई म्हन्ते," असं त्यांनी अख्ख्या गाडीला ऐकवलं. कंडक्टरनेही मला सुनावलं, की शेतकऱ्याची अडचण समजून घेत जा. त्यानंतर मी कॅनवर ओढणी घालून बसायला लागले.

सायमा ही माझी शेवटची विद्यार्थिनी. अकोल्याची पोट्टी, वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. अंगाने काडी, बोलणं कमी, आणि जे बोलेल ते दगडासारखं. मी स्वतः काही साखरेची नाही, पण ही माझ्याही वरताण. एकदा माझ्या तोंडावर म्हणाली, "मॅडम, तुमचा हा पेपर चूक आहे." होताही. ती अमरावतीत खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहायची, आणि खालाच्या घरासमोरच हबीबभाईचा मटणाचा गाळा होता.

हबीबभाईशी माझी ओळख तिच्या आधीची. पहिल्यांदा मी ग्रंथी मागायला गेले, तेव्हा त्याला वाटलं मला किडनी पाहिजे. "गुर्दा घ्या ना, ही चरबीतली गाठ कायले?" मी समजावून सांगितल्यावर त्याने नीट ऐकून घेतलं आणि तिला नावच देऊन टाकलं, 'मॅडमवाली गाठ'. पुढे गाळ्यावरची माणसंही मोठ्याने ओरडायची, "मॅडमवाली गाठ निकाली क्या?" आणि रांगेतले लोक माझ्याकडे पाहायचे. माझ्या आईच्या माहेरी मटणाचं नाव काढलं तरी आंघोळ करत. ती हे पाहायला नाही हे बरंच झालं.

त्याच्या कामात मला एक गोष्ट फार आवडायची. तो जनावरासमोर कधी सुरी पाजळायचा नाही. पाणी पाजल्याशिवाय हात लावायचा नाही. एका जनावराच्या नजरेसमोर दुसरं घ्यायचा नाही. धर्मात सांगितलंय ते तर होतंच, पण त्याचा त्यात जीवही होता. सुरी पाठीमागे धरून तो बोकडाशी बोलत बोलत जवळ जायचा. एकदा म्हणाला, "माह्या हातात जनावर घाबरत नाई मॅडम. आमच्या अब्बांची इतकी एकच शिकवन." त्याला या गोष्टीचा जेवढा अभिमान होता, तेवढा मला माझ्या पीएचडीचाही नव्हता.

सायमाचं काम सुरू झालं आणि वर्षभरातच अडलं. पेशी उत्तम वाढायच्या. निकोटीन दिलं की पेप्टाइड सोडायच्या. पण जीनचा आकडा जागचा हलायचा नाही. माझ्या जुन्या कामात तो दरवेळी वर गेला होता, हिच्या बश्यांत जाईना. औषधं बदलली, बश्या बदलल्या, पाणी बदललं. मी तर तिचा हातरुमालसुद्धा बदलायला लावला. काही नाही.

मग प्रगती पाहणारी समिती बसली. बाहेरून आलेले दोन सर आणि आमचे प्राचार्य. समितीने गोड शब्दांत सांगितलं, की पुढच्या बैठकीपर्यंत आकडा वर दिसला नाही तर विषय बदला. विषय बदलणं म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे सायमा परत अकोल्याला. तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "सरकार शिकवते तोवर शिक बेटा, पुढची ताकत माह्यात नाई." माणूस खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी सायमाने डबा उघडलाच नाही.

चार दिवसांनी ती अकोल्याहून आकडे घेऊन आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"मॅडम, जीन वर जाऊन नाई राहिली, कारन ते आधीच वर आहे."

"म्हणजे?"

"आपन गाळ्यावर जे तुकडे लगेच गोठवतो ना, तेच मोजले. बशीत जायच्या आधीच जीन फुल चालू आहे. आपले बकरे घाबरलेले आहेत."

मी खुर्चीवरून उठलेच. इतकी साधी गोष्ट! पातेलं काठोकाठ डाळीने भरलेलं, त्यात आणखी डाळ मावणार कुठून? मी तिची पाठ थोपटली, आणि म्हटलं आता नीट विचार करून पुढे जाऊ.

विचार करायला थांबेल ती सायमा कसली! ती तिथून निघाली ती थेट हबीबभाईच्या गाळ्यावर, आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "चाचा, तुमचे बकरे घाबरलेले असतात. म्हणून माझं काम बिघडून राहिलं."

मला खालाने नंतर सांगितलं. त्याने हातातली सुरी फडक्याने पुसली, फळीवर ठेवली, आणि आवाज न चढवता म्हणाला, "बेटी, मेरे हाथ का जानवर डरता नहीं. तुम्हारी मशीन को डर लगता होगा." मग मला निरोप आला. उद्यापासून मॅडमवाली गाठ दुसरीकडून घ्या.

मी सायमावर जी बरसले म्हणता! "तुले कोनं सांगितलं होतं इतकं सरळ बोलाले? काहून बोलली? ग्रंथी काय तुझ्या अकोल्याच्या झाडाले लागते?" ती मान खाली घालून ऐकत राहिली. दुसऱ्या गाळ्यांवर गेलो. सगळ्यांनी हात वर केले. हबीबभाईने नाही म्हटल्यावर आम्ही कसं देणार, असं प्रत्येकाचं म्हणणं. समितीची बैठक तोंडावर, आणि आमच्या हातात एक ग्रंथी नाही. आता खरंच गाडी रुळावरून घसरली होती.

शेवटी गाठ सोडवली खालाने. मी त्यांच्याकडे चहाला बसले होते, हबीबभाईपाशी शब्द टाका म्हणून विनवत. त्या बाईला भारी राग आला होता, पण आमच्यावर.

"पोट्टीसाठी तो काय काय करते, ठाऊक आहे का तुमाले? आधी तुमाले बडनेऱ्याकडचे घरपाळे बकरे द्यायचा. सायमा आली तवापासून मन्ते, आपल्या मोहल्ल्याची पोट्टी डॉक्टर होऊन राहिली, तिले साधा बकरा कसा देऊ? धारणीकडून खास आनते. जंगलचा पाला खाल्लेले, तगडे. संध्याकाळी जीप येते, सकाळी तुमचं काम होते. अन् तुमी त्याले चारचौघांत असं बोलता!"

मी आणि सायमा एकमेकींकडे पाहत राहिलो. धारणीहून जीप. मेळघाटातले ते रस्ते ज्याने पाहिलेत, त्याला पुढचं सांगायला नको. पाय बांधून कोंबलेले बोकड, प्रत्येक वळणावर एकमेकांवर आदळत, सेमाडोहच्या जंगलातून. तिथे पर्यटक वाघ दिसावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात. बोकडांचे देव उलट्या बाजूने पाण्यात असणार. घाट उतरून रात्री अनोळखी जागी बांधलेले, आणि सकाळी त्यांच्या ग्रंथी आमच्या कॅनमध्ये. त्या माणसाने आमच्या मानापायी सगळ्यांत उत्तम माल आणला होता आणि त्याच मानाने आमचं वाटोळं झालं होतं. हसावं की रडावं कळेना. मी हसले. सायमा मात्र उठून उभी राहिली.

"मॅडम, चाचाच्या हातात बकरा किती वेळ असते? एखादं मिनिट. एका मिनिटात पुड्या फुटतात. जीन नाई चालू होत. जीनले तास लागतात. म्हणजे हे भीती चाचाची असूच शकत नाई!"

तिला आपली शिष्यवृत्ती आठवली नाही, आधी चाचा आठवला.

आम्ही दोघी रस्ता ओलांडून गेलो. हबीबभाई म्हणजे एरवी खुर्ची पुसून देणारा माणूस, त्या दिवशी बसा म्हणाला नाही. सायमाने त्याला गिल्या वड्याची गोष्ट सांगितली. आज आलेलं गिऱ्हाईक आणि काल भिजवलेली डाळ. तुमचा हात म्हणजे आजचं गिऱ्हाईक, चाचा, आणि जीप म्हणजे कालची गर्दी. तो ऐकत होता, पण नजर फळीवर.

"हे तू मले बरं वाटावं मनून सांगून राहिली."

"मंग आजमावून पाहू," सायमा म्हणाली. "तेच धारणीचे बकरे, तोच तुमचा हात. फक्त मधी तीन दिवस आराम. भीती तुमच्या हाताची असन तं जीन तरी बी चालू दिसन. जीपची असन तं बंद दिसन."

हबीबभाईने पहिल्यांदा वर पाहिलं. "अन् चालू दिसली तं?"

"तं तशीच लिहीन," ही बया म्हणाली. मी कपाळाला हात लावला. पण तो उत्तर ऐकून तयार झाला. कदाचित त्या उत्तरामुळेच झाला असेल.

बोकड खालाच्या अंगणात उतरले. खालाने त्यांना सुबाभळीचा पाला घातला, मेथीच्या जुड्या घातल्या, आणि शेजारणीच्या कुंड्या त्यांनी स्वतःच्या मनाने घेतल्या. आता प्रश्न असा, की बोकडाला खरोखर आराम वाटतोय हे ओळखायचं कसं? तो काही सांगणार नाही. सायमाने उपाय काढला. घाबरलेलं जनावर रवंथ करत नाही. ज्या बोकडाने सकाळी बसून नीट रवंथ केला, तोच घ्यायचा. नाही केला, तर थांबायचं.

आणि दिवस कोणता ठरला, तर रविवार! रविवारी सकाळी मटणाच्या गाळ्यासमोर काय रांग असते ते मी सांगायला नको. आमचा बोकड पहिला घ्यायचा होता, कारण त्याच्याआधी दुसरा घेतला आणि रक्ताचा वास गेला तर सगळं मुसळ केरात. म्हणजे आमचा बोकड रवंथ करेपर्यंत गाळा बंद. मी नायट्रोजनचा कॅन मांडीशी घेऊन खालाच्या अंगणातल्या खाटेवर, सायमा बोकडासमोर उकिडवी, आणि हबीबभाई पाठीमागे हात बांधून येरझाऱ्या घालतोय. बोकड आमच्याकडे टकामका पाहतोय. रांगेतून आवाज यायला लागले.

"काहून बसवून ठेवलं बे, हबीबभाई?"

"बकरा रवंथ करून नाई राहिला."

"मंग आमी करू का?"

पाहुणे घरी बसवून आलेले एक गृहस्थ तर माझ्यावरच घसरले. "मॅडम, तुमचं संशोधन सोमवारी नाई होत का? जावई आला आहे माह्या घरी!" मी म्हटलं, जावयाला रवंथ करायला सांगा तोवर. रांग हसली म्हणून निभावलं, नाहीतर त्या दिवशी माझीच ग्रंथी कामी आली असती. हबीबभाईची निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या गाळ्यावर गेली. तरी त्याने गाळा उघडला नाही.

मग बोकडाने पाय दुमडले, डोळे अर्धे मिटले, आणि त्याचा जबडा संथपणे हलायला लागला. त्याला वाटलं असेल, आता सगळं ठीक आहे. मला तेव्हा फार वाईट वाटलं. जनावराच्या डोळ्यांत न पाहता मी आयुष्यभर त्याची ग्रंथी निर्धास्त उचलली होती. हे मात्र आमच्यावर विसंबून बसलेलं होतं. सायमाने तोंड फिरवलं. हबीबभाईने त्याला पाणी पाजलं, कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि आपलं काम केलं.

असे कितीतरी रविवार गेले, कारण एका बोकडाने काही सिद्ध होत नाही. गाळ्यावर आमच्या नावाने खडे फोडणारी माणसंही हळूहळू सरावली. पुढे पुढे रांगेतलेच लोक आत वाकून पाहायचे आणि ओरडायचे, "करून राहिला, करून राहिला! घ्या मॅडम!"

कॅन अकोल्याला जात राहिला. जीपमधून थेट आलेल्या बोकडांच्या ग्रंथीत जीन पुरी चालू, आराम केलेल्यांच्या ग्रंथीत जवळजवळ निजलेली. आणि या निजलेल्या ग्रंथींच्या पेशींना बशीत निकोटीन दिलं, की दुसऱ्या दिवशी आकडा झकास वर. पहिले आकडे पाहूनच समितीने मुदत वाढवली होती. आमच्या प्राचार्यांनी पेढे वाटले, त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक.

आम्ही धावत हबीबभाईला सांगायला गेलो. "चाचा, जीन बंद होती! तुमच्या हातात नाई घाबरले." त्याने आमच्यासाठी चहा मागवला, आम्हाला बसवलं, पण चेहरा खुलला नाही.

"तुमी माही मानसं झाल्या आता," तो मला म्हणाला. "तुमी चांगलंच सांगसान. त्या दिवसापासून सुरी हातात घेतली का माह्या मनात येते, हे जनावर भ्यालं असन का? अब्बांपासून कधी हा इचार आला नोता. एखादा परका, जानकार मानूस म्हनन, तवा माह्या मनातून जाईन."

म्हणून मग तो सायमाच्या व्हायवाला आला. प्रबंधाची तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, पण खाटीक येऊन बसल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी, आणि अत्तर एवढं की पुढच्या दोन ओळी शिंकत होत्या. सायमाचे वडील त्याच्या शेजारी, दोघेही शाळेत उभ्या केलेल्या पोरांसारखे ताठ. मी त्यांच्या पलीकडे बसले, कारण सगळं इंग्रजीत चालणार होतं.

परीक्षक पुण्याचे. नावाजलेले, आणि कडक म्हणूनही नावाजलेले. त्यांनी सायमाला तासभर पिंजून काढलं. ती दगडासारखी उत्तरं देत होती, मुद्द्याला मुद्दा. मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि तिच्या मुख्य आलेखाकडे बोट दाखवलं. त्यांनी विचारलं, मृत्यूच्या क्षणाइतकी मोठी भीती दुसरी कुठली असते? मग ही भीती प्रवासाचीच, कापण्याची नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता? हे नाही पटलं तर मला तुमचा प्रबंध उभा राहताना दिसत नाही.

हबीबभाईने माझ्याकडे मान वळवली. "काय मन्ते?"

मी हळूच सांगितलं. "इचारून राहिले का बकरा कापतानी घाबरला असन तं?"

सायमाने उत्तर दिलं. एका मिनिटात काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही. तोच हात, तीच सुरी, तीच वेळ, दोन्हीकडे सारखं. फरक फक्त आदल्या दिवसाचा. तिने दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. परीक्षक आळीपाळीने दोन्हींकडे पाहत राहिले.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली. हबीबभाई उभा राहिला होता.

"साहेब," तो म्हणाला, "थे हात माहे आहेत. तुमी जानकार आहा. तुमाले काय वाटते, ते मले सांगा."

प्राचार्य अर्धे उठले. कुणीतरी "बसा, बसा" म्हणालं. पुण्याच्या साहेबांनी हातानेच त्यांना थांबवलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा एकदा पडद्याजवळ जाऊन दोन्ही आलेख पाहिले, खालचे आकडे पाहिले. मग वळून, सगळी इंग्रजी बाजूला ठेवून, त्यांनी हबीबभाईला मराठीत सांगितलं,

"नाही. तुमच्या हाताची नाही. या मुलीने ते सिद्ध केलेलं आहे."

सायमाच्या वडिलांनी विचारलं, "मंग, पास झाली का?" मी मानेनेच हो म्हटलं. हबीबभाई सावकाश खाली बसला. त्याने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला.